मुळं मातीतच राहू द्या

शेतकरी बंधुभगिनींनो, आणि ज्यांच्या नावावर गावाकडे सातबारा आहे पण ज्यांचे पाय वर्षानुवर्षं त्या रानाला लागलेले नाहीत अशा शहरातल्या सगळ्यांनो,

शिमगा जवळ आला की आपल्याकडे रान मोकळं करायची घाई सुरू होते. विदर्भात कपाशीच्या पराट्या चिमट्याने उपटून धुऱ्यावर ढीग लागतात आणि एखाद्या संध्याकाळी ते पेटतात. मराठवाड्यात तुरीची खोडं निघतात. सोलापूर-नगरकडे ज्वारी हलली की नांगर लागतो, मागून बायका वर आलेली धसकटं वेचत जातात. कृष्णा-पंचगंगेच्या काठाला उसाचा फड तुटला की पाचटाला काडी लागायला फार वेळ लागत नाही. अक्षय तृतीयेपर्यंत रानात काडी दिसता कामा नये, अशी आपली रीत पडून गेली आहे.

यंदा ही रीत मोडा, अशी विनंती करण्यासाठी हे लिहितो आहे. पिकाचा वरचा भाग तुमचा आहे. तो जनावरांना घाला, चुलीला न्या, विका, कुट्टी करून रानात पसरा. पण जमिनीखालची मुळं जिथे वाढली तिथेच कुजू द्या. ती उपटू नका, वेचू नका, जाळू नका. आणि जिथे नांगराशिवाय भागण्यासारखं आहे तिथे यंदा नांगर घालूच नका.

एवढी घाई कशासाठी, असं कोणी विचारील. २०२५ चा सप्टेंबर आठवा. मांजरा, सीना, गोदावरीच्या काठांनी मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात जे झालं त्यात पीक गेलं, जनावरं गेली, घरं गेली. पण ज्यांची जमीनच खरडून गेली त्यांचं दुःख या सगळ्याहून वेगळं आहे. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येतं. वीतभर माती तयार व्हायला मात्र माणसाच्या कित्येक पिढ्या जातात, आणि ती एका रात्रीत निघून गेली. नदीने पात्र सोडून जी जमीन नेली ती मुळांनी वाचली असती असं मी म्हणणार नाही. ते खोटं ठरेल. पण नदीपासून दूर, साध्या उताराच्या रानांतूनही त्या पावसात गढूळ लोंढे वाहिले. तिथे मातीला धरून ठेवायला काही शिल्लक होतं का, हे आपण स्वतःला विचारलं पाहिजे. दरवर्षीच्या साध्या पावसातसुद्धा ओढ्याला येणारं पाणी तांबडं-काळं असतं. ते आपलंच रान असतं.

मुळाबद्दल आपली समज अपुरी राहिली आहे. मूळ झाडाला उभं धरतं आणि पाणी-खत ओढून घेतं, इतकं शाळेत शिकवलं आणि तिथेच ते थांबलं. मूळ मातीला काय देतं, हे आपल्याला फारसं कोणी सांगितलंच नाही.

पान उन्हात जे अन्न तयार करतं त्याचा मोठा वाटा खाली मुळांकडे जातो, आणि त्यातला बराच भाग मुळं मातीत सोडून देतात. त्यात साखरा असतात, आम्लं असतात, चिकट द्राव असतो. वरवर पाहता ही उधळपट्टी वाटते. पण या पाझरावरच मुळाभोवतीच्या काही मिलिमीटर मातीत जिवाणूंची आणि बुरशींची एवढी दाट वस्ती होते की बाजूच्या उघड्या मातीशी तिची तुलनाच होत नाही. लोरेंत्स हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली मातीच्या या पट्ट्याकडे जगाचं लक्ष वेधलं. हे जीव पिकाला नत्र, स्फुरद, लोह, जस्त मिळवून देतात, रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत, आणि त्यांच्या चिकट स्रावांनी मातीचे बारीक कण एकमेकांना धरून राहतात. माती कणीदार होते ती अशी. कणांच्या मधे पोकळ्या राहतात, त्यांतून हवा खेळते, पाऊस खाली उतरतो, आणि उतरलेलं पाणी टिकतं.

मुळांबरोबर राहणारी एक बुरशी आहे, मायकोरायझा. बहुतेक सगळी पिकं तिच्याशी जोडलेली असतात. ज्वारी, तूर, कापूस, सोयाबीन, ऊस, हळद, सगळी. तिचे धागे केसाहून बारीक. केशमूळ जिथवर पोचत नाही तिथून ती स्फुरद आणि पाणी आणते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. याच धाग्यांचं जाळं मातीचे कण बांधून ठेवतं. नांगराच्या किंवा रोटाव्हेटरच्या प्रत्येक फेरीत हे जाळं तुटतं. पुन्हा विणायला तिला जिवंत मूळ लागतं, आणि आपण रान चार-पाच महिने उघडं टाकलेलं असतं.

मुळांचा पसारा केवढा असतो याचा अंदाज यावा म्हणून एक जुना प्रयोग सांगतो. अमेरिकेत आयोवा इथे हॉवर्ड डिटमर यांनी राय नावाच्या धान्याचं एकच रोप चार महिने पेटीत वाढवलं, मग माती धुऊन काढून त्याची मुळं मोजली. १९३७ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. एका रोपाच्या मुळांची लांबी जोडून ६०० किलोमीटरच्या वर भरली. मुंबईहून नांदेडला जाण्याइतकी. त्यात केशमुळं धरलेलीच नाहीत. ती धरली तर आकडा दहा हजार किलोमीटरच्या पुढे जातो. पेटी होती जेमतेम फूटभर लांब-रुंद आणि दोन फुटांहून थोडी कमी खोल. आपलं पीक राय नाही, आपली माती आयोवाची नाही. पण ज्वारीच्या एका ताटाखाली काय विणलेलं असतं, याची कल्पना करायला एवढं पुरे. ते सगळं आपण धसकट म्हणून वेचून टाकतो.

पीक काढल्यावर मुळं मरतात, पण त्यांचं काम संपत नाही. कुजलेल्या मुळाच्या जागी नळी राहते. त्या नळीतून पहिला पाऊस खोल जातो, गांडूळ खाली-वर करतं, आणि पुढच्या पिकाचं कोवळं मूळ आयत्या वाटेने उतरतं. तुरीचं सोटमूळ यात सगळ्यांत उपयोगी, कारण ते काळ्या चिकट जमिनीतही खोलवर जातं. शिवाय निरनिराळ्या ठिकाणच्या प्रयोगांतून असं दिसलं आहे की मुळांतून आलेला कर्ब वरच्या पाल्यापाचोळ्यातून आलेल्या कर्बापेक्षा जमिनीत दुपटीहून अधिक टिकतो. पाला वर पसरतो, उन्हात आणि हवेत लवकर जळून जातो. मूळ मात्र आधीपासूनच मातीच्या कणांमध्ये घट्ट बसलेलं असतं. कोल्हापूरचे शेतकरी प्र. र. चिपळूणकर यांनी स्वतःच्या शेतातल्या अनुभवावरून हेच वर्षानुवर्षं लिहून सांगितलं आहे, की जमिनीखाली जागेवर कुजलेल्या अवशेषांचं खत बाहेरून आणून टाकलेल्या खतापेक्षा जमिनीला जास्त मानवतं. शेणखत मिळेनासं झालं, गावात जनावरंच उरली नाहीत, हे आपण रोज बोलतो. मग फुकट मिळालेलं, वाहतूक न लागणारं, आधीच योग्य खोलीवर पोचलेलं हे खत आपण मजुरी देऊन बाहेर का काढतो?

तुमच्या माती परीक्षणाची पत्रिका घरात कुठे पडली असेल तर काढा. सेंद्रिय कर्बाचा आकडा बघा. तो ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर तो 'कमी' या रकान्यात धरला जातो. कोरडवाहू पट्ट्यात असे आकडे सर्रास दिसतात. आणि जमीन जितकी तापते तितका हा कर्ब वेगाने उडतो. मे महिन्यात उघड्या काळ्या रानाच्या वरच्या थराचं तापमान हवेपेक्षा कितीतरी जास्त होतं. त्याच रानात नुसत्या पाचटाची सावली असली तरी ते उतरतं. उन्हाळे कडक होत आहेत हे आता कोणी वेगळं सांगायला नको. अशा उन्हाळ्यात रान खोल नांगरून, उलथून, ढेकळं उघडी टाकून आपण उरलेलासुरला कर्बही हवेत सोडतो.

आता पावसाबद्दल. जून कोरडा, मग एकदम धो धो, मग वीस-पंचवीस दिवसांची उघडीप, पुन्हा ढगफुटी. हा नवा पाऊस पिकाला ज्या जागी मारतो ती जागा म्हणजे मूळ. उघडीप पडली की मुळं पानांकडे रासायनिक निरोप धाडतात, पानं आपली रंध्रं मिटून घेतात, वाढ थांबते. मुळं उथळ असतील तर हा निरोप आठवड्यात जातो. खोल असतील तर पंधरवडा निभतो. त्यानंतर एकदम मोठा पाऊस झाला आणि पाणी साचलं, की मुळांभोवतीची हवा संपते आणि दोन-तीन दिवसांत मुळं गुदमरू लागतात. कपाशीची आकस्मिक मर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ताणावर असलेलं हिरवं शेत, जोराचा पाऊस, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माना टाकलेली झाडं. त्यात ना कीड असते ना बुरशी. ज्या रानात पाणी मुरतही नाही आणि मुरलेलं निचरतही नाही, तिथे हे प्रमाण वाढतं. जुन्या मुळांच्या वाटा असतील तर पाणी दोन्ही वेळा साथ देतं: पाऊस असताना खाली जातं, उघडिपीत खालून मिळतं.

पण त्या वाटा राहणार कशा? रोटाव्हेटर वरचा अर्धा फूट भुसभुशीत करतो, डोळ्यांना फार छान दिसतं. त्याच्या खाली पात्यांनी आणि ट्रॅक्टरच्या वजनाने एक घट्ट थर तयार होतो. वर्षानुवर्षं तेवढ्याच खोलीवर मशागत केली की तो थर पक्का होतो. मूळ तिथवर येतं आणि आडवं वळतं. आजवर आपण समजत होतो की मुळात जोर नसतो म्हणून ते थांबतं. २०२१ साली नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या बिपिन पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात वेगळीच गोष्ट दाखवून दिली. मुळाच्या टोकातून इथिलीन नावाचा वायू निघत असतो. मोकळ्या मातीत तो पोकळ्यांमधून निघून जातो. घट्ट मातीत पोकळ्याच नसतात, म्हणून तो मुळाभोवती कोंडतो, आणि तो कोंडला की मूळ लांबायचं थांबून जाड होतं. भाताच्या ज्या रोपांना इथिलीनची जाणीवच होत नव्हती त्यांची मुळं त्याच घट्ट मातीत आरपार गेली. म्हणजे मुळात ताकद असते. मातीत श्वास उरला नाही हे ओळखून ते स्वतःच थांबतं. हे वाचल्यापासून घट्ट रानाकडे मला पूर्वीसारखं बघता येत नाही.

यासाठी दुसऱ्या कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. खुरपं घेऊन आपल्या उभ्या पिकातलं एक झाड हळूच खणून काढा, ओढून नको. मूळ सरळ खाली गेलं आहे की सहा-सात इंचांवर काटकोनात वळलं आहे, ते पाहा. मग एक ढेकूळ बांधावरच्या गवताखालचं आणि एक शेताच्या मधलं, अशी दोन वाळलेली ढेकळं पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या ग्लासांत सोडा. बहुतेक ठिकाणी शेतातलं ढेकूळ बघता बघता विरघळतं आणि बांधावरचं बराच वेळ टिकतं. माती एकाच शेतातली, पाऊसही एकच. बांधावर मुळं बारा महिने असतात, एवढाच फरक.

मुळं ठेवायला सांगतो त्यात अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत.

कपाशीत गुलाबी बोंडअळी. २०१७ चा हंगाम विसरण्यासारखा नाही. म्हणून फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, ठेवू नका, डिसेंबरअखेर पीक संपवा, हा कृषी विद्यापीठांचा सल्ला तंतोतंत पाळा. पण अळी दडते ती किडक्या बोंडांत आणि सरकीत, मुळांत नाही. पराटी जमिनीच्या पातळीच्या इंचभर खाली कापा, म्हणजे पुन्हा फुटणार नाही आणि खुंट कुणाच्या पायातही भरणार नाही. वरचा भाग बोंडांसकट श्रेडरमधून काढा किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. जाळण्याची गरज कुठेच पडत नाही.

तुरीची मर हा वेगळा विषय. मर लागलेल्या झाडाच्या मुळांत ती बुरशी काही वर्षं जिवंत राहते. अशी झाडं दिसताक्षणी मुळासकट काढून नष्टच केली पाहिजेत आणि त्या तुकड्यात पुढची काही वर्षं तूर घेऊ नये. निरोगी झाडांची मुळं ठेवायची, रोगट झाडांची नाही, इतका विवेक ठेवावाच लागेल. हुमणीचंही तसंच. जिथे हुमणीने ऊस किंवा भुईमूग पोखरला आहे तिथे उन्हाळी नांगरटीला पर्याय नाही. अळ्या वर येऊ द्या, बगळ्या-कावळ्यांना खाऊ द्या. पण एका कोपऱ्यातल्या हुमणीसाठी सगळं रान उलथायचं कारण नाही.

तण हा सगळ्यांत अवघड प्रश्न. नांगर थांबला की पहिली दोन वर्षं तण डोईजड होतं, आणि त्यावर तणनाशकाचा सोपा मार्ग सुचवला जातो. मला तो मार्ग मनापासून पटत नाही, पण अजिबात वापरू नका असं सांगण्याइतका मजूर आज कुणाकडे आहे? इतकं मात्र सांगतो: आच्छादन जाड असेल तर तण कमी येतं, तण फुलावर येण्याआधी कापून तिथेच पसरलं तर त्याचीही मुळं मातीच्याच कामी येतात, हरळी आणि लव्हाळा असलेल्या रानात मात्र आधी त्यांचा बंदोबस्त करा, मगच नांगर सोडा.

चुलीचं काय, हेही विचारलं जाईल. ज्या घरात सिलिंडर भरायला पैसे नाहीत तिथली बाई पराट्या आणि तुराट्या नेते, धसकटंही वेचते, आणि तिला कोणी बोल लावू नये. तुराटी कोयत्याने जमिनीलगत कापून न्या. जळण तितकंच मिळेल आणि उपटण्याचे कष्ट वाचतील. धसकटाच्या मुळाशी माती चिकटलेली असते, त्याचा जाळ तसाही धड होत नाही.

हे सगळं नवं आहे, परक्या देशातून आलं आहे, असंही समजू नका. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे उभ्या धानात लाखोळी आणि जवस फेकून पेरायची पद्धत, उतेरा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. धान कापलं जातं, त्याची मुळं तशीच राहतात, त्यांच्यातून लाखोळी वर येते. नांगर लागत नाही, पाणी लागत नाही. रायगड जिल्ह्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस तंत्र उभं केलं. त्यात चिखलणी नाही, लावणी नाही. एकदा केलेले गादीवाफे कायम ठेवायचे, भात टोकायचा, कापणीनंतर चूड मुळासकट जागेवर राहू द्यायची आणि त्याच वाफ्यावर वाल-हरभरा घ्यायचा. वाफे वर्षागणिक सुधारत जातात, गांडुळं परत येतात. उसाच्या पट्ट्यात पाचट न जाळता खोडव्याच्या सरीत दाबणारे शेतकरी आता गावोगावी आहेत. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. पेटवलं की त्यातला नत्र आणि कर्ब जवळजवळ सगळा हवेत जातो आणि राहिलेली राख वाऱ्यावर उडते.

आपली जुनी मिश्र पिकं मुळांच्या दृष्टीने किती शहाणपणाची होती हे आता उमजतं. ज्वारीच्या ओळींत तूर, कपाशीत तूर, मधे मूग-उडीद. एकाची तंतुमुळं वरचा थर बांधून ठेवणारी, दुसऱ्याचं सोटमूळ खाली वाट काढणारं, तिसऱ्याच्या गाठींत नत्र. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत झालेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असं दिसलं की तुरीची मुळं पिसिडिक नावाचं आम्ल सोडतात आणि लोहाशी जखडलेला, इतर पिकांना न मिळणारा स्फुरद मोकळा करतात. त्याचा फायदा नंतरच्या पिकालाही होतो. एवढी सोबत सोडून आपण शेकडो एकर सलग सोयाबीनवर आलो. बाजारभावाने आणले, हे मान्य. सोयाबीन काढून टाका असं सांगायचा मला अधिकार नाही. पण सोयाबीनच्या चार-सहा ओळींमागे तुरीची एक ओळ परत आणणं अजूनही आपल्या हातात आहे.

शहरातल्या ज्या वाचकांना मी सुरुवातीला हाक दिली, त्यांच्याशी आता थेट बोलायचं आहे. पुण्या-मुंबईत, नागपुरात, बंगळुरूत, अगदी अमेरिकेतही असे हजारो मराठी लोक आहेत ज्यांची जमीन गावात बटाईने किंवा मक्त्याने दुसरा कोणी कसतो. पाडव्याला व्यवहार ठरतो, तोही एकाच वर्षासाठी. ज्याला पुढच्या वर्षी ती जमीन मिळेल की नाही ठाऊक नाही, तो तिच्यात मुळं का कुजवत बसेल? तो यंदाचं काढून मोकळा होणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. दोष एका वर्षाच्या व्यवहाराचा आहे, आणि तो तुम्हीच बदलू शकता. यंदाच्या पाडव्याला फोन करा. व्यवहार निदान तीन वर्षांचा करा. अट एवढीच घाला की काही जाळायचं नाही, मुळं उपटायची नाहीत, बांध कोरायचे नाहीत. आणि या अटीच्या बदल्यात मक्त्याचे पैसे थोडे कमी घ्या. वडिलोपार्जित जमिनीबद्दल तुमच्या मनात जी माया आहे ती दाखवायला याहून चांगली संधी मिळणार नाही. वीटभट्टीवाला मातीचा भाव विचारायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

ट्रॅक्टरवाल्यांनाही हात जोडून सांगतो. तासावर पैसे मिळतात, हंगाम थोडा असतो, हप्ते डोक्यावर असतात, हे सगळं खरं. तरी वापसा आल्याशिवाय रानात चाक घालू नका. ओल्या काळ्या मातीवरून एकदा गेलेल्या चाकाचा दाब पुढची काही वर्षं पिकांच्या मुळांना सोसावा लागतो. मालकाने घाई केली तरी नाही म्हणा.

बांधांबद्दल थोडक्यात, पण तितक्याच कळकळीने. उन्हाळ्यात बांध आणि धुरे पेटवायची सवय सोडा. मारवेल, पवन्या, तरवड, निर्गुडी, बोर, बाभूळ यांची मुळं हाच बांधाचा खरा आधार असतो. जेसीबीने बांध साफ करून दोन ओळी वाढवल्या की पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटतो आणि त्या दोन ओळींसह खालच्या शेजाऱ्याचंही रान घेऊन जातो. ग्रामसभांनी यावर ठराव करावेत. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ठरावानेच केली आणि निभावली. जाळबंदीचा ठरावही तसाच करता येईल. कृषी सहायकांनी आणि कृषी विज्ञान केंद्रांनी बांधावरच्या बैठकीत एक खड्डा खणून दाखवावा. भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा तो जास्त शिकवील. शाळेतल्या शिक्षकांनी मुलांना ते दोन ग्लास भरायला लावावेत.

सगळं रान यंदाच बदला असं मी म्हणत नाही. मुळांचं काम दिसायला दोन-तीन हंगाम लागतात आणि पहिल्या वर्षी उतारा थोडा कमीही येऊ शकतो; ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने हा धोका सगळ्या शेतावर घेऊ नये. एक एकर निवडा. जमलं नाही तर अर्धा. त्या तुकड्यात काडी लावू नका, नांगर घालू नका, खोडं जमिनीलगत कापा, पालापाचोळा वर पसरा. जूनमध्ये वापसा आला की जुन्या ओळींच्या मधल्या जागेत टोकण यंत्राने किंवा हाताने टोकण करा, आणि तुरीची ओळ विसरू नका. पोळ्याच्या सुमारास, पहिली लांब उघडीप पडेल तेव्हा, त्या तुकड्यातलं एक झाड आणि नांगरलेल्या तुकड्यातलं एक झाड खणून काढा, मुळं धुऊन शेजारी शेजारी ठेवा आणि आळीतल्या चार जणांना बोलावून दाखवा. पण त्यासाठी सुरुवात आत्ताच झाली पाहिजे, कारण नांगर आणि काडी येत्या काही आठवड्यांत रानात पोचतील.